पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षी गोठा, प्राणिकल्याण आणि सार्वजनिक आरोग्य कशासाठी शिकवतात? खरं वैद्यक कधी सुरू होतं?

तुमचा वैताग समजतो. स्टेथोस्कोप हातात येईल म्हणून प्रवेश घ्यावा आणि समोर यावी गव्हाणीची उंची, चाऱ्याचं प्रमाण, कल्याणाच्या व्याख्या! पण तुम्ही विचारताय ते वैद्यक सुरू झालंय.

गोठ्यात शिरल्या शिरल्या जनावराला हात लावायची घाई करू नका. आधी लांबून बघा. गाय दिवसाचे साधारण 12 तास बसून काढते. ती बसायचं टाळत असेल तर जमीन कडक किंवा ओली आहे, नाहीतर खुरात काहीतरी दुखतंय. मानेवर वरच्या बाजूला टणक गाठ दिसली तर गव्हाणीचा आडवा दांडा बघा. तो खाली बसवलेला असेल तर गाय रोज चाऱ्यासाठी मान रेटते आणि तिथेच घासली जाते. त्या गाठीवर कितीही मलम चोळा, दांडा वर घेतल्याशिवाय ती परत परत येणार.

वासरांच्या कप्प्यात गेलात की खाली बसून श्वास घ्या. उभ्या माणसाला न जाणवणारा अमोनिया वासराच्या नाकाच्या उंचीवर डोळ्यांत झोंबतो. खोकणाऱ्या वासरांचं कोडं पुष्कळदा तिथंच सुटायला लागतं. हगवण लागलेली वासरं दिसली तर माझा पहिला प्रश्न असतो, चीक कधी पाजला आणि किती? गाईची प्रतिपिंडं वारेतून वासरापर्यंत पोचत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आणि आतड्याची ती शोषून घ्यायची ताकद तासागणिक घटत जाऊन 24 तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या काही तासांत वासराच्या वजनाच्या 10 टक्के चीक पोटात जायला हवा. हा धडा पशुसंवर्धनाच्या पुस्तकात असतो, म्हणून पोरं तो वरवर वाचतात.

कल्याणाची 'पाच स्वातंत्र्यं' (भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, शिवाय नैसर्गिकपणे वागायची मोकळीक) तुम्ही पाठ कराल, मार्कही मिळतील. त्यांचं मूळ ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीच्या 1965 च्या अहवालात आहे. पण ती घोकण्यापेक्षा एखादी घाबरलेली गाय दोहताना बघा. धारेच्या वेळी आरडाओरडा झाला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि गाय पान्हा चोरते. भीती मोजायला याहून सोपं माप मला तरी माहीत नाही.

सार्वजनिक आरोग्य वेगळं वाटतं, पण त्याचीही सुरुवात गोठ्यातच होते. बसायची जागा ओली राहिली की कासदाह होतो, कासदाह झाला की अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि औषधाचा ठरलेला काळ संपायच्या आत दूध विकलं गेलं तर ते औषध कुणाच्या तरी पेल्यात जातं.

माल्टा बेटावरची गोष्ट तर मुद्दाम वाचा. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना सतत ताप यायचा. 1887 मध्ये लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. 1905 मध्ये तिथलेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांना तो शेळ्यांमध्ये सापडला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या! सैनिकांना शेळीचं दूध देणं थांबवल्यावर ताप झपाट्याने कमी झाला. तोच हा ब्रुसेलोसिस. आजही तो पशुवैद्यांना त्यांच्या कामातूनच होतो. गाय गाभ टाकते त्यामागेही हाच जंतू असू शकतो, म्हणून तशा गाईची वार उघड्या हाताने काढायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

जातींच्या ओळखखुणांची लांबलचक यादी मात्र परीक्षेपुरतीच करा. जनावरं बघत गेलात की ती डोळ्यांत बसते. प्रात्यक्षिकाला गेलात की रोज चारा घालणाऱ्या माणसाशी आधी बोला. कोणती गाय कालपासून गव्हाणीवर उशिरा येतेय हे त्याला ठाऊक असतं. आणि रेबीजची प्रतिबंधक लस अजून घेतली नसेल तर प्रात्यक्षिकं सुरू व्हायच्या आधी घेऊन टाका.