टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास येतो

प्रश्न : भाऊ, माझी २०१४ ची पेट्रोल गाडी आहे. महिनाभरापासून आत इतका वास येतो की चोपड्याहून जळगावला पोचेपर्यंत मागं बसलेल्या पोरांचं डोकं धरतं, लहानी तर दोनदा ओकली. टाकी फुल केली की दोन-तीन दिवस जास्त येतो, अर्ध्याच्या खाली आली की कमी होतो. दुपारी उन्हात उभी असली तर दार उघडल्या उघडल्या भपकारा. गॅरेजवाल्यानं दोनदा इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर बदलला, वास तसाच. जमिनीवर काही सांडलेलं दिसत नाही.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आधी पोरांचं. वास जाईपर्यंत त्यांना ह्या गाडीत बसवू नका, एसटीनं न्या, कुणाची गाडी मागा, पण ह्यात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती सीटखाली, पायाशी साचून राहते, तिच्यात बेन्झीन हे विषारी रसायन असतं आणि ठिणगी पडली की ती लगेच पेटते. परफ्यूमची बाटली लावून वास झाकायचा प्रकार तर अजिबात करू नका.

आता वासाचं. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल, पुढं इंजिनवर, तुमचा वास मागच्या सीटवर. शिवाय टाकी भरली की वाढतो, उतरली की कमी होतो, म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात आहे, खालच्या भागात असती तर अर्ध्या टाकीलाही वास आला असता आणि जमिनीवर डाग पडला असता. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पेट्रोल दर १० अंशाला साधारण एक टक्का फुगतं, म्हणजे ३५ लिटरची टाकी सकाळी गच्च भरली आणि पेट्रोल २० अंशांनी तापलं तर साधारण सातशे मिली जास्तीचं होतं. ते वर चढतं आणि जिथं रबर कच्चं असेल तिथून वाट काढतं.

बहुतेक छोट्या गाड्यांत मागची सीट उचलली की खाली पत्र्याची झाकणी असते, तीन-चार स्क्रूंची. गाडी उघड्यावर, थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, चारी दारं उघडी, तेव्हाच ती काढायची. आत फ्युएल पंपाचं तोंड दिसतं. आपल्या रस्त्यांवरच्या गाडीत तिथं लाल-काळ्या धुळीचा थर असतोच, तो जरूर बघा, पुसून टाकायची घाई करू नका, कारण सगळीकडं धूळ कोरडी आणि पंपाच्या गोल कडेला एका बाजूनं ओली काळपट, किंवा तिथली धूळ धुऊन पत्रा स्वच्छ निघालेला, असं दिसलं की चोर सापडला. तिथलं सील गेलंय. कोरडा कागद कडेनं फिरवून हुंगला तरी कळतं. लायटर, काडी, जुना बल्बवाला हँडलॅम्प जवळ आणायचा नाही.

सील बदलणं मेकॅनिककडूनच करून घ्या, टाकी पावच्या खाली असताना. एवढं मात्र त्याला बजावा की एकदा उघडलं की नवीन सीलच टाकायचं, जुनं फुगलेलं असतं, परत बसवलं तर आठ दिवसांत पुन्हा वास. एम-सील, सिलिकॉन थापून घेऊ नका, पेट्रोल त्याला सोडवतं. आणि पेट्रोल काढायला कुणी नळीनं तोंडानं ओढायला लागला तर हात धरून थांबवा, आपल्या गावांत हे सर्रास चालतं आणि फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

पंपाशी कोरडं निघालं तर भरण्याच्या नळीचं रबर, तिच्या शेजारची बारीक हवेची नळी आणि टाकीच्या झाकणाचं रबर बघा, बोटानं वाकवलं की चिरा दिसतात. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं असतं, तुमच्या २०१४ च्या गाडीचं तसं असेलच असं नाही.

अजून एक. पंपावर "टाकी फुल कर दे भो" म्हटलं की नळी आपोआप बंद झाल्यावरही पोरगा दोन-तीनदा दाबतो. ते जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जातं, तो भिजला की कोळसा निकामी होतो आणि वाफ बाहेर पडायला लागते. नळी पहिल्यांदा 'टक्' करून बंद झाली की तिथंच थांबवायला सांगा.

प्रश्न : सीएनजी बसवलेली गाडी. सकाळी पेट्रोलवर सुरू केली की बॉनेटजवळ वास, गॅसवर गेली की पाच मिनिटांत जातो. शेतातल्या शेडमध्ये उभी असते, बाजूला मका साठवलेला.
– एक वाचक, रावेर

उत्तर : दादा, मका आहे तिथं उंदीर आलाच, आणि तो पेट्रोलची नळी कुरतडतो. टायरमध्ये आपण ३० पाउंडाच्या आसपास हवा भरतो, पेट्रोल लाइनीत ४५-५० पाउंड प्रेशर असतं, त्यामुळं दाताच्या बारीक भोकातूनही फवारा उडतो, आणि गॅसवर गेल्यावर पेट्रोल पंप बंद झाला की थांबतो. इंजिन थंड असताना एकानं नुसती किल्ली ऑन करायची, स्टार्ट नाही, पंप दोन-तीन सेकंद घूं करतो, तेवढ्यात दुसऱ्यानं लांबूनच नळीवर आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगांवर, म्हणजे गोल रबरी सीलांवर, नजर ठेवायची. ओल दिसली तर गाडी सुरू करू नका, टोचन लावून, दुसऱ्या गाडीनं ओढून न्या. पाइप इंजेक्शन गाडीचाच, त्याच्या क्लिपांसकट घ्या, फवारणी पंपाची नळी तोडून लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात, ती महिनाभरही टिकत नाही. नळ्या धड निघाल्या तर ऑइलची काडी काढून हुंगा, तिला पेट्रोलचा वास आला तर इंजेक्टर आतून गळतोय, मग इंजेक्टर दुरुस्त करून ऑइलही बदलावं लागेल, पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवू नका.