सर्टिफिकेट काढलं तर पोराच्या कपाळावर शिक्का बसेल का?

मी मुलांचं समुपदेशन करते. अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं) असलेल्या मुलांना परीक्षेत सवलत मिळते ती सर्टिफिकेटवर. दहावीचे फॉर्म भरायची वेळ जवळ आली की माझ्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘मॅडम, ते सर्टिफिकेट काढलं की कायमचं नावावर राहील ना?’ पुढचं वाक्य आया आवाज खाली घेऊन बोलतात. ‘उद्या नोकरी, लग्न...’ मुलगा नववीत असतो. लग्न!

सोहमची आई (नाव बदललंय) दोन बस बदलून यायची. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं म्हणू या. सोहम चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजीत. ‘इंग्रजी आलं आणि पोर मागं पडलं’ असं घरात ठरून गेलं होतं. घरी कोंकणी, शाळेत मराठी, मग इंग्रजी असा प्रवास आपल्याकडे कितीतरी मुलं करतात, त्यामुळे हे निदान सोयीचं पडतं. मी चौथीच्या वह्या मागितल्या. माळ्यावरून काढून आणल्या तिनं. ‘पाऊस’चा ‘पासऊ’, वेलांटी भलत्याच अक्षराला, ‘किनारा’ एकाच पानावर तीन तऱ्हांनी. नुसतं इंग्रजी जड जात असतं, तर मराठीच्या वह्या अशा नसत्या. चार वर्षं शिक्षकांनी त्याच्यावर लाल शाई फिरवली होती, एवढंच.

डोळे आणि कान तपासून झाले. मग बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत चाचण्या. अहवाल आला: अध्ययन अक्षमता. बुद्धी वयाला साजेशी.

‘म्हणजे वेडा नाही ना?’

‘नाही. कायदासुद्धा तसं म्हणत नाही.’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता वेगळी आणि मानसिक आजार वेगळा. लेखनिक, परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद त्याच कायद्यात आहे. मुलाला ते हक्कानं मिळतं, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. आणि कायमच्या शिक्क्याबद्दल म्हणाल, तर केंद्राच्या 2018 च्या सूचनांत वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेलं प्रमाणपत्र 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यायला सांगितलं होतं.

तिला पटलं, पण अट होती. ‘शाळेला कळता कामा नये.’ आता शाळेला न सांगता शाळेकडून सवलत कशी मिळायची?

त्याच आठवड्यात एका शिक्षिकेचा फोन आला. आवाजात काळजी होती, हेतू चांगला होता. ‘रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका ना, मी बघते काय करता येतं.’ मी नाही म्हटलं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाच्या माहितीची गोपनीयता सांगतो. सोहमचा त्रास त्या अर्थानं मानसिक आजार नव्हे, तेव्हा तो कायदा इथं लागू होतो का, यावर वकील खुशाल भांडोत. माझ्या कामाच्या नीतीत ती पळवाट नाही. शिक्षिका दुखावल्या. मी मात्र स्वतःवर खूश होते, आणि इथंच माझी चूक होती.

चौथ्या भेटीला सोहम टेबलावर खोडरबर किसत बसला होता. चतुर्थी नुकतीच झाली होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीला, काय काय बांधलं विचारलं, तर भडाभडा सांगू लागला: कवंडळं, कांगलां, तोरिंगां, सुपारीचे शिपटे, कुठलं कुठल्या डोंगरावरून आणलं तेही. मी नेहमीचं गोड वाक्य बोलले. ‘बघ, किती लक्षात राहतं तुझ्या!’

‘माटोळेक मार्क मेळनात, टीचर.’

मी गप्प. मग खोडरबराकडे बघतच त्यानं विचारलं, ‘मी बांबोळीला गेलेलो ते कोणाकोणाला माहीत आहे?’

आई बोलेना. हळूहळू बाहेर आलं. मामाला सांगितलं होतं. ट्यूशनच्या सरांना. शेजारच्या काकींना, त्यांनी खोदून विचारलं म्हणून. आणि सोहमला? ‘डोकं दुखतं त्याची तपासणी.’ बांबोळी म्हणजे काय, हे वर्गातल्या पोरांच्या चिडवण्यातून त्याला आधीच ठाऊक होतं. तो सहा महिने स्वतःला वेडा समजत होता. ज्यांना कळून उपयोग झाला असता ते अंधारात होते आणि बाकी गावाला माहीत होतं.

मला आईचा राग आला, पण क्षणभरच. मीही संमतीची सही आईचीच घेतली होती. शिक्षिकेला ठणकावून नाही म्हणणारी मी, ज्याची गोष्ट त्यालाच विचारायचं विसरले होते. मुलाला एकट्याला ‘दुरुस्त’ करून घरी पाठवणाऱ्यांपैकी मी नाही, घरच्यांना सोबत बसवते, असं मी अभिमानानं सांगते. त्या दिवशी कळलं की त्या बसण्यात मुलाचीच खुर्ची रिकामी होती.

मग कागद घेतला. सोहम सांगणार, आई लिहिणार. कोणाला सांगायचं? वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका. कोणाला नाही? ट्यूशनचे सर यापुढे नाहीत. शाळेला काय द्यायचं? फक्त प्रमाणपत्र. बुद्ध्यांकाचे आकडे, घरची माहिती, चाचण्यांचा सविस्तर अहवाल घरच्या कपाटात. पालकांना मी आता हेच सांगते: पूर्ण अहवाल कुणी मागितला तर आधी कशासाठी ते विचारा. सवलतीचं काम बहुतेक वेळा प्रमाणपत्रावर भागतं.

जादा वेळ त्यानं घेतला. लेखनिक नको म्हणाला, ‘माझं मीच लिहिणार.’ मला तो निर्णय चुकीचा वाटला, आजही वाटतो. पण तो त्याचा होता.

हे लिहायच्या आधी आईला विचारलं, आणि या वेळी त्यालाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘बांबोळीचं घाला. गाव बदला.’

बदललंय.