वर्गणी, पोच आणि जाहिरात : जुन्या वर्तमानपत्राचे एक पान

प्रश्न : आमचे घराणे सोलापूरचे, सुताच्या व्यापारातले. वाड्याची आवराआवर करताना पणजोबांच्या पेटीत पुण्याच्या एका मराठी साप्ताहिकाचे १८९५-९६ च्या सुमाराचे काही सुटे अंक निघाले. त्यांतील एका पानावर कुठल्याशा फंडाला पैसे देणाऱ्यांची लांबलचक यादी असून पणजोबांच्या नावापुढे ‘१॥’ असे छापलेले आहे. पानाचा वरचा भाग फाटल्यामुळे फंडाचे नाव कळत नाही. यादीला अगदी लागूनच बालकांचे औषध, पुष्टीच्या गोळ्या आणि घड्याळे यांच्या जाहिराती आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे, की ही यादीदेखील पैसे घेऊनच छापलेली असणार, म्हणजे तीही एक जाहिरातच. हे मानावे काय? आणि ‘१॥’ म्हणजे नेमके किती?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आकड्याचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. जुन्या हिशेबात रुपयाच्या आकड्यानंतरची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. तेव्हा ‘१॥’ म्हणजे दीड रुपया, अर्थात एक रुपया आठ आणे. जिथे रुपये, आणे, पै असे तीन रकाने दिसतील तिथे बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया हे लक्षात ठेवून बेरीज करावी. त्या काळी पोस्टकार्ड पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला मिळत असे आणि रुपयाचे पैसे चौसष्ट होत. आपल्या पणजोबांनी शहाण्णव पोस्टकार्डांची किंमत दिली, असे समजा. त्या काळच्या मध्यम व्यापाऱ्याच्या मानाने ही रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी नव्हती, पण खिशातले सुटे पैसे टाकले असे म्हणण्याइतकी किरकोळही नव्हती.

आता मुख्य शंका. ती यादी जाहिरात नव्हती. तिला ‘पोच’ म्हणत. फंडाचे चालक आणि पुष्कळदा स्वतः संपादक आपल्याकडे आलेली प्रत्येक रक्कम देणाऱ्याच्या नावानिशी, गावानिशी छापून टाकीत, आणि परगावच्या देणगीदाराला पावती मिळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग तोच असे. सोलापुरातल्या माणसाने पुण्याला पाठवलेला दीड रुपया पोहोचला की नाही, हे त्याला पुढच्या एखाद्या अंकात आपले नाव वाचूनच कळे. नाव दिसले नाही, तर तो पत्र लिहून विचारू शकत असे. गावातल्या पाचदहा जणांची रक्कम एकानेच गोळा करून पाठवली, की त्या सर्वांच्या नावांमागे ‘रा. रा. (राजमान्य राजश्री) अमुक यांच्या मार्फत’ असा उल्लेख येई. आपल्या पानावर तसे शब्द असतील, तर सोलापुरातले आणखी कोण पणजोबांच्या बरोबर होते तेही कळेल, म्हणून ते जरूर शोधा.

ही सारी व्यवस्था टपालावर उभी होती. व्ही. पी.ची, म्हणजे टपालाने आलेली वस्तू पोस्टमनला किंमत देऊन सोडवून घेण्याची, सोय १८७७ मध्ये झाली आणि १८८० पासून टपालकचेऱ्यांतून मनीऑर्डर जाऊ लागली. मनीऑर्डरीने फंडाला पैसे जात आणि व्ही. पी.ने जाहिरातीतले औषध येई. रेल्वे तर सोलापुरात १८६० मध्येच आलेली होती. म्हणजे आपल्या पानावर जे दोन मजकूर शेजारी बसले आहेत, ते एकाच पोस्टमनच्या पिशवीतून घरोघर जात होते, आणि दोन्हींचा वाचक एकच होता. आपल्या भाषेनेही हे नाते जपले आहे. वर्तमानपत्राचे वर्षाचे पैसे म्हणजे ‘वर्गणी’ आणि सार्वजनिक कार्यासाठी काढलेले पैसे म्हणजेही ‘वर्गणी’. मला हा शब्दाचा योगायोग वाटत नाही. पत्र चालवणे हेच त्या काळी एक सार्वजनिक कार्य मानले जात होते, आणि वाचकाने वर्गणी थकवली, तर संपादक त्याला कर्तव्याचीच आठवण करून देत.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य एवढेच, की छापलेल्या नावाचा मोह खरा होता आणि चालकांना तो ठाऊक होता. शेजाऱ्याचे नाव वाचून आणखी चौघे पैसे पाठवीत, म्हणून यादी जितकी लांब तितकी ती फंडाच्या उपयोगी पडे. परंतु नाव छापून येणे नेहमी मानाचेच असे, असेही नाही. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा बचावासाठी दूर बंगालमधूनही पैसे आले. अशा फंडाच्या यादीत सरकारी नोकराचे नाव येणे त्याला अडचणीचे ठरू शकत असे. म्हणून ‘एक गृहस्थ’, ‘एक हितचिंतक’ अशा नोंदी दिसल्या, तर त्यांमागे केवळ विनय होता असे धरून चालू नका.

फंडाचे नाव फाटून गेले असल्यामुळे अंदाजाने सांगणे योग्य नाही, पण शोधाची दिशा सांगता येईल. १८९५ मध्ये ‘केसरी’ने रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याचे काम हाती घेतले आणि त्याच्या याद्या त्या पत्रात येत. १८९६ च्या अखेरीस दुष्काळ पडला; सोलापूर जिल्हा त्यात होरपळला आणि येथील विणकरांवर उपासमारीची पाळी आली. त्यांच्यासाठी टिळकांनी स्थानिक मंडळींशी विचारविनिमय करून मदतीची योजना आखली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. आपले घराणे सुताच्या व्यापारातले, म्हणून ही गोष्ट विशेष लिहितो : विणकराचा माग थांबला, की सुताची उधारीही थांबते. अंकाची तारीख शकात असेल, तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा. शके १८१८ म्हणजे १८९६-९७. तारीख एकदा पक्की झाली, की कोणता फंड हे मागच्यापुढच्या अंकांवरून ठरवता येईल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पोच ही जमेची बाजू सांगते, खर्चाची सांगत नाही. रायगडाचा निधी १८९५ मध्ये गोळा होऊ लागला, पण समाधीचा जीर्णोद्धार प्रत्यक्षात १९२० नंतरच्या दशकात झाला. यादीत नाव सापडले म्हणून त्या पैशाचे पुढे काय झाले हे कळले असे होत नाही. त्यासाठी फंडाचे हिशेब पाहावे लागतात, आणि यादीइतक्या हौसेने ते छापले जात नसत. जाहिरातींच्या बाबतीतही तसेच. आज औषधांच्या दाव्यांवर १९५४ च्या कायद्याचा अंकुश आहे. त्या काळी तसा कायदा नव्हता, त्यामुळे एकाच गोळीने दहा रोग बरे होतात असे छापता येई. संपादक अग्रलेखात देशाच्या आरोग्याची चिंता वाहत आणि मागच्या पानावर त्या गोळ्यांना जागा देत, कारण वर्गणी थकत असे आणि कागद, शाई व छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्यांचा पगार मात्र थकवता येत नसे. त्यांना दोष देण्याआधी ही अडचण आपण पाहिली पाहिजे, असे मला वाटते.

प्रश्न : मग पैसे देईल त्याची जाहिरात छापली जात असे, असे समजावे काय?
— इतिहासाची एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही, आणि याचे सर्वांत बोचणारे उदाहरण ‘मूकनायक’चे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापावी अशी ‘केसरी’ला विनंती केली असता ती नाकारण्यात आली, असे त्यांनीच पुढे ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या नंतरच्या पत्रात नमूद केले आहे. ज्या पत्राने गावोगावच्या आण्या-पैशांची पोच छापून लोकांना एकत्र आणले, त्याच्या स्तंभांत या पत्राला पैसे मोजूनही जागा मिळाली नाही. जाहिरातीचे स्तंभ कोणासाठी खुले होते हे पाहिल्यावाचून त्या काळच्या ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ पुरता कळणार नाही. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये निघाले तेव्हा बाबासाहेबांना लिखाणाबरोबर पैशाचीही काळजी वाहावी लागली आणि समाजाला मदतीचे आवाहन करावे लागले. श्रीमंत जाहिरातदार नसलेल्या पत्राला निधी हाच प्राण होता. आपण अभ्यास करणार असाल, तर कोणत्या जाहिराती छापल्या याच्या जोडीने कोणत्या छापल्या गेल्या नाहीत याचीही टिपणे ठेवा.

१९०५ नंतरच्या स्वदेशीच्या काळात निधी आणि विक्री ही दोन्ही एकमेकांत मिसळली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एक पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना काढला. म्हणजे देणगीतून माल तयार झाला आणि तो माल देशकार्य म्हणून विकला गेला. १९२० मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ तर कारखान्याच्या मालाची माहिती देता देता मासिक झाली. या काळातील जाहिरात वाचताना ‘स्वदेशी’ हा शब्द विक्रीची युक्ती होता की निष्ठा होती, हे एकेका कारखान्याचा इतिहास पाहूनच ठरवावे लागेल. सरसकट निकाल देऊ नये.

प्रश्न : अशा याद्या व जाहिराती शोधण्यासाठी सोलापूरची स्वतःची पत्रे आहेत काय?
— तीच विद्यार्थिनी

उत्तर : आहेत. ‘कल्पतरू’ हे साप्ताहिक एकोणिसाव्या शतकात येथूनच निघत असे. हुतात्मा कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमलानंतर), १२ जानेवारी १९३१ रोजी, त्यांना इतर तिघांसह येरवड्याला फाशी देण्यात आले. अशा स्थानिक पत्रांचे सुटे अंक कोणाच्या घरी असतील, तर बातम्यांची कात्रणे काढून बाकीचे पान टाकून देऊ नये, ही कळकळीची विनंती. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकचे आवरणही चढवू नका. पान सपाट ठेवून उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि छापखाना यांची ओळ असते. १८६७ च्या कायद्याने ती छापणे बंधनकारक होते, आणि मथळा फाटलेल्या अंकाचे नाव-गाव बहुधा तिथेच सापडते.