एबी फॉर्मची वाट पाहा, पण अर्जाची तयारी अपक्षासारखी करा

केज (जि. बीड) तालुक्यातल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेचा त्यांचा गट, म्हणजे मतदारसंघ, ओबीसी महिलेसाठी सुटलाय, त्यांचा कुणबी दाखला अलीकडेच निघालाय, आणि पक्षाचे लोक म्हणतात, "काम चालू ठेवा, एबी फॉर्म शेवटच्या दिवशी देऊ." थांबावं की अपक्ष भरावं?

ताई, तिकीट पक्षाच्या हातात असतं, अर्ज तुमच्या हातात. ए फॉर्म म्हणजे तिकीट वाटायचा अधिकार पक्षाने कोणाला दिला त्याचं पत्र, आणि बी फॉर्म म्हणजे त्या माणसाने तुमचं नाव लिहून सही केलेला कागद. हे दोन्ही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत तर पक्षाचं चिन्ह गेलं. सही शाईची, मूळ हवी. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही. बंडखोरीच्या भीतीने पक्ष हे फॉर्म शेवटच्या तासापर्यंत दाबून ठेवतात, त्यामुळे "देऊ" या शब्दावर विसंबू नका.

निवड कशी होते तेही समजून घ्या. आरक्षण सोडत निघाली की इच्छुकांचे अर्ज मागवतात, विश्रामगृहावर किंवा पक्ष कार्यालयात मुलाखती होतात, मग आमदार, जिल्हाध्यक्ष, पालकमंत्री बसून यादी ठरवतात. मुलाखतीत तीनच गोष्टी विचारतात: गटात तुमच्या समाजाची मतं किती, खर्च किती कराल, आणि मागच्या वेळी कोणासोबत होता. महिलांच्या जागेवर उत्तरं बहुतेक वेळा नवराच देतो, हे मला मुळीच पटत नाही. तुम्ही स्वतः बोला. गटातली गावं, कुठल्या शाळेची खोली पडायला आलीय, कुठलं आरोग्य उपकेंद्र बंद असतं, हे तोंडपाठ ठेवून जा. पुढे सभागृहात तुम्हालाच बसायचंय.

आता कागदपत्रं, कारण अर्ज इथेच अडकतात. सगळ्यात आधी जात वैधता. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या (निजामकाळच्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याच्या) शासन निर्णयानंतर मराठवाड्यात कुणबी दाखल्यांसाठी मोठी धावपळ झाली, पण दाखला हातात आला म्हणजे राखीव जागेचं काम झालं असं नाही. पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर निदान समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र जोडावं लागतं, आणि निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. समिती ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा बघते. आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, खासरा पत्रक, जन्म-मृत्यूची नोंद, जे सापडेल ते आत्ताच काढा. तो अर्ज पक्षाच्या यादीसाठी थांबवू नका.

बाकीचं लवकर उरकतं. वय 21 पूर्ण (विधानसभेला 25), जिल्ह्याच्या मतदार यादीत नाव. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्र. घरातल्या कोणाचं जिल्हा परिषदेच्या कामाचं कंत्राट चालू असेल तर आधी वकिलाला दाखवा, विरोधक छाननीत नेमकं तेच काढतात. शपथपत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तर "निरंक" लिहा. अर्ज ऑनलाइन भरायचा की कागदावर, अपक्षाला सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारे मतदार) किती लागतात, हे निवडणूक कार्यक्रम जाहीर होताच तहसीलमधून लेखी घ्या. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. त्यावरून इथलाही हिशेब एका सूचकावर धरू नका.

सूचकांची एक खास अडचण आपल्याकडची. सूचक त्याच गटाचा मतदार हवा, आणि दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणीची निम्मी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. सहीच्या दिवशी माणूस कोल्हापूरच्या फडात असतो. म्हणून गावातच राहणारे, यादीत नाव नक्की असलेले चार-पाच जण जास्तीचे धरून ठेवा. प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा.

म्हणून माझं मत: शेवटच्या दिवसाची गर्दी टाळून एक-दोन दिवस आधी पूर्ण अर्ज दाखल करा, सूचक अपक्षाला लागतील तितके घेऊन. एबी फॉर्म वेळेत आला तर जोडा, तुम्ही पक्षाच्या उमेदवार. नाही आला तरी अर्ज जिवंत राहतो आणि लढायचं की नाही हे तुम्ही ठरवता.

आणि एक. काही ठिकाणी नेते तिकिटाच्या बोलणीतच माघारीच्या अर्जावर आधी सही घेऊन ठेवतात. कितीही जवळचा माणूस सांगत असला तरी तशी सही देऊ नका. एकदा माघार दाखल झाली की ती परत घेता येत नाही.