तिचा पगार जास्त, मग बिल कोणी द्यायचं?

लग्न ठरलेली मुलं समुपदेशनात हा प्रश्न वारंवार विचारतात: "तिला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. आज ठीक आहे, पण उद्या घरात माझं कोण ऐकणार?" मुलींकडून त्याचीच दुसरी बाजू येते: "मी पाकीट काढलं की त्याचं तोंड पडतं. काढू की नको?"

पुढची हकिकत दोन-तीन जोडप्यांची मिळून एक केली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला, हातात ६२ हजार येतात. ती खराडीत, हातात ९८ हजार. साखरपुडा झालेला. तक्रार तिची होती. हल्ली भेटला की तो चिडचिड करतो, मध्येच "तुझं काय बाबा, मोठं पॅकेज" असं लावून बोलतो. त्याला विचारलं तर उत्तर एकच, "काही नाही."

"तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की बरेच मुलगे मिटून जातात. आकडे विचारले की बोलू लागतात. म्हणून त्याला क्रेडिट कार्डाची गेल्या तीन महिन्यांची स्टेटमेंट्स आणायला सांगितली. दर शनिवारी कोरेगाव पार्कात नाहीतर बाणेरला जेवण, सिनेमा, तिला खराडीला सोडायची कॅब, सगळं त्याच्याच कार्डावर. ९० हजार थकले होते आणि तो दरमहा फक्त किमान रक्कम, साडेचार हजार, भरत होता. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी त्यातले ३,१५० व्याजातच जातात, त्यावर जीएसटी वेगळा. मुद्दल जेमतेम आठशेनं कमी होतं. शिवाय बाकी थकलेली असली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. चिडचिड इथून येत होती. तिने "अरे, अर्धं अर्धं करू" म्हटलं की त्याला तो अपमान वाटायचा, आणि कर्जाचं सांगणं तर त्याहून अवघड.

मग दोघांना वेगवेगळं बसवून एकेक कागद दिला. 'मुलाने' आणि 'मुलीने' अशा सुरुवातीची दहा वाक्यं लिहायची. प्रत्येकासमोर दोन गोष्टी: हे कुठून आलं, आणि मोडलं तर नेमकं काय होईल. खरं काम शेवटचा रकाना करतो. "लोक हसतील" एवढं चालत नाही. कोण, कुठे, काय म्हणेल ते लिहायचं. त्याच्या कागदावर शेवटी उरली एक आत्या आणि ऑफिसातले दोन मित्र.

तिचा कागद जास्त बोलका निघाला. पहिलंच वाक्य: 'मुलाने मुलीपेक्षा जास्त कमवायला हवं.' तिच्या बायोडेटात वडिलांनी पगाराचा आकडा मुद्दाम टाकला नव्हता, कारण "मोठा आकडा पाहून स्थळं बिचकतात." पुरुषी अहंकार म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण त्याला खतपाणी बऱ्याचदा मुलीच्या घरूनही मिळतं. जाहिरातींचं तर विचारूच नका. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: बाई घर आवरताना दाखवा, पण ते तिचंच काम आहे असं सुचवू नका. तरी आजही टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत डाग कोण घासतं आणि विम्याच्या जाहिरातीत हप्ता कोण भरतं, ते एक संध्याकाळ मोजून पाहा.

पैशाचं गणित असं मांडलं. वाकडला घर घेतल्यावर भाडं २८ हजार, किराणा ९, स्वयंपाकाच्या ताई ५, वीज-गॅस-इंटरनेट ४. एकूण ४६ हजार. निम्मं निम्मं केलं तर दोघांचे २३-२३. त्याच्याकडे ३९ उरतात, तिच्याकडे ७५. दिसायला समान, पण कमी पगारवाल्याला जड जाणारं. पगाराच्या प्रमाणात, ३९:६१ केलं तर तो १८, ती २८ हजार. त्याच्याकडे ४४ उरतात, त्यातून कार्डाचे ११ हजार दरमहा भरता येतात. सामायिक खातं फक्त या ४६ हजारांचं, बाकी ज्याचं त्याच्याकडे. बाहेरचं जेवण आळीपाळीने. जो बिल देणार तोच हॉटेल निवडणार. या शेवटच्या नियमाने महागडी हॉटेलं आपोआप कमी होतात.

तो साताऱ्याला आईवडिलांना दहा हजार पाठवतो, त्यावर कुणाचा प्रश्न नव्हता. तिने तेवढेच पाठवायचं म्हटल्यावर मात्र तो थबकला. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा नियम दोन्ही घरांना एकच.

घरकामात वेगळाच धोका असतो. कमी कमावणारा नवरा कधीकधी पुरुषपण सांभाळायला स्वयंपाकघर आणखी टाळतो, आणि जास्त कमावणारी बायको त्याला वाईट वाटू नये म्हणून आणखी राबते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८. म्हणून कामं तुकड्यांत वाटायची नाहीत. किराणा त्याचा, म्हणजे काय संपलं ते पाहणं, यादी, आणणं, डब्यात भरणं, सगळं त्याचं. "तू यादी दे, मी आणतो" यात डोक्याचा ताप तिच्याकडेच राहतो.

एक फरक ओळखून ठेवा. बिल देताना अवघडणं हा सवयीचा भाग आहे, बोलून सुटतो. पण पगाराचं एटीएम कार्ड मागून घेणं, नोकरी सोडायला लावणं, प्रत्येक खर्चाचा हिशेब मागणं, हे त्यात बसत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आर्थिक छळही हिंसाचारात मोजतो. तिथे खर्चाचे तक्ते उपयोगी नाहीत. वकिलाचा किंवा या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा सल्ला लागतो.

या दोघांनी कर्जाचा आकडा लग्नाआधी एकमेकांसमोर मांडला. तिच्या पगाराचा आकडा त्याच्या आईला त्यानेच सांगायचा असं ठरलं. आत्याला सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही. वाटणीचं प्रमाण दरवर्षी एप्रिलमध्ये, पगारवाढीची पत्रं हातात आल्यावर, नव्याने काढायचं आहे.