वाढत्या अंगाचे पॅड घेऊ नका हो!

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की लेकीच्या नादाने मी पण चाळिशीत आइस हॉकीत गोली (म्हणजे गोलकीपर) म्हणून उभी राहायला लागले, तर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले आता तूच उत्तरं दे. (सासूबाई अजून नाशिकला सगळ्यांना सांगतात, "सून तिकडे गोळ्या अडवते.") मी कोच नाही, दुकानदार नाही, आठ वर्षं रिंकच्या बाकावर कुडकुडत बसून आणि नको त्या गोष्टींवर पैसे घालवून जे कळलं तेवढंच सांगतेय.

"ताई, मुलगा दहाचा होईल आता. इतके दिवस क्लबचे पॅड वापरले, या सीझनला स्वतःचं किट हवंय. दुकानात २८ माप निघालं पण मिस्टर म्हणतात ३०+१ घेऊ, दोन वर्षं तरी चालतील. हे +१ काय असतं आणि मी कोणाचं ऐकू?" – एक आई, मिसिसागा

मिस्टरांचं ऐकू नका. सॉरी, पण नाही. आपण सगळे वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घालून मोठे झालोय, जूनमध्ये घेतलेला शर्ट गुडघ्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी बरोब्बर, त्यामुळे ही सवय हाडात बसलीये, पण शर्ट मोठा असला तर पोराला नुसतं हसतात, पॅड मोठे असले तर त्याला हलताच येत नाही.

आमचंच सांगते. लेक नऊची असताना एका दुकानात सेल होता, तिच्या मापापेक्षा दोन इंच मोठे पॅड अर्ध्या किमतीत मिळाले आणि मी खूश. पहिल्या प्रॅक्टिसला ती खाली बसली, म्हणजे बटरफ्लायमध्ये, दोन्ही गुडघे बर्फावर आणि पोटऱ्या बाहेर फेकलेल्या, आणि वरची दोन्ही टोकं एकमेकांवर अशी आपटली की जुन्या वाड्याचा दरवाजा लावताना दोन फळ्या अडकतात ना, तस्सं. उठता येईना. पक (बॉलऐवजी असते ती रबराची चकती) केव्हाच आत गेला होता आणि ती अजून एका गुडघ्यावर, काठी टेकून उठायच्या प्रयत्नात. गाडीत एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला गोली नाही व्हायचं." महिनाभराने दुसऱ्या कुणाचे वापरलेले, बरोब्बर मापाचे पॅड घेतले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता आकडे. पहिला आकडा म्हणजे पॅडची मूळ उंची इंचात आणि अधिक करून लिहिलेला तो मांडीवरचा वाढीव भाग. म्हणजे ३०+१ मध्ये गुडघ्याच्या वर एक इंच जास्त. तो जास्तीचा भाग खाली बसल्यावर दोन मांड्यांमधली फट बुजवायला असतो, तिलाच इथे फाइव्ह होल म्हणतात. पण पोरगं नीट खाली बसतच नसेल तर त्या इंचाचा उपयोग काय?

माप घरी घ्या. स्केट घालून खुर्चीत बसवा, गुडघा काटकोनात, जमिनीपासून वाटीच्या मध्यापर्यंत टेप लावा. मग वाटीपासून वर मांडीच्या मध्यापर्यंत. काही कंपन्या जमिनीपासून मोजतात, काही घोट्यापासून, त्यामुळे ज्याचा पॅड त्याचाच तक्ता बघा, एका कंपनीचं २८ दुसरीच्या २८ एवढं असेलच असं नाही. आणि खरी परीक्षा आकड्याची नाहीच. दुकानात स्केटसकट पॅड बांधायचे आणि खाली बसवायचं, लाजायचं नाही, चांगल्या दुकानात त्यासाठी जागा असते. पॅडच्या आतल्या बाजूला गुडघा टेकायला जाड ठोकळा असतो, वाटी त्याच्या मधोमध पडली पाहिजे. ठोकळ्याच्या खाली, पोटरीच्या बाजूला पडत असेल तर पॅड मोठा. ठोकळ्याच्या वरून घसरत असेल तर लहान. पाच वेळा बसवा, पाचही वेळा बघा, पोरं पहिल्यांदा मुद्दाम नीट बसतात.

मिस्टरांना अजून एक सांगा, एनएचएलमधल्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल लीगमधल्या, गोलीलाही मनाला येईल तेवढा मोठा पॅड घालता येत नाही. रुंदी जास्तीत जास्त ११ इंच (२००५ च्या आधी १२ होती) आणि उंची त्या त्या गोलीच्या पायाचं माप घेऊन ठरते, २०१३ मध्ये तर गुडघ्याच्या वरचा भाग आणखी कापला.

पैशाचं म्हणाल तर पॅड सेकंडहँड घ्या, बिनधास्त. नवं ज्युनियर किट घ्यायला गेलात तर हजार डॉलरच्या वर सहज जातं आणि पोरं दीड-दोन वर्षांत त्यातून बाहेर पडतात, त्यामुळे मार्केटमध्ये चांगले पॅड फिरत असतात. मास्क आणि कप (जांघेचा गार्ड) मात्र नवे. कप गोलीचाच, साध्या प्लेयरचा नाही. मुलींसाठीही वेगळा मिळतो, तो घ्याच, "मुलीला कशाला" असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

"मी ४१ व्या वर्षी गोली झालोय, रविवारी रात्री साडेदहाचा आइस टाइम, बायकोच्या मते वेड लागलंय. माझे पॅड खाली बसल्यावर वळतात ते उठल्यावर पुढे येतच नाहीत, बाजूलाच राहतात. पट्टे जितके आवळतो तितकं बिघडतंय आणि आता गुडघे दुखतात." – कॅलगरी

दादा, आवळणंच बंद करा. आपल्या डोक्यात क्रिकेटचा पॅड असतो, पट्टे घट्ट, पायाला चिकटून. इथे उलटं आहे. तुम्ही उभे असताना पॅडचा चेहरा समोर असतो आणि खाली बसलात की पाय आत वळतो, पण पॅडने त्या पायाभोवती फिरून चेहरा समोरच ठेवायचा असतो, आतली कड बर्फावर सपाट. म्हणजे पाय पॅडच्या आत फिरला पाहिजे. तुम्ही त्याला बांधून टाकलंत तर पॅड फिरायला बळ लावतो आणि ते बळ जातं तुमच्या घोट्यात, गुडघ्यात आणि खुब्यात.

सुरुवात टोकापासून. स्केटच्या पुढच्या भागाला जी दोरी किंवा इलॅस्टिक असतं ते ढिलं करा, बुटाचं टोक आणि पॅड यांच्यामध्ये निदान चार बोटं जातील एवढं. मी दोरी काढून इलॅस्टिक लावलं, ते खाली बसल्यावर ताणतं आणि उठल्यावर पॅडला आपसूक पुढे ओढून आणतं, तुमचा अर्धा आजार तिथेच जाईल असं मला वाटतं. बुटाच्या वरचा पट्टा पण ढिला. पोटरीचा वेल्क्रो मध्यम. गुडघ्याचा पट्टा तेवढा जरा अंगाला असू दे, नाहीतर गुडघा ठोकळ्यावरून सटकेल. आणि एका वेळी एकच पट्टा बदला!! मी पहिल्या वेळी सगळे एकदम बदलले आणि मग कशाने सुधारलं, कशाने बिघडलं काही कळेना. आता पट्ट्यावर मार्करने खूण करून ठेवते, कितव्या भोकात ते.

गुडघ्यांना आत वेगळे नी गार्ड आहेत ना? नसतील तर आधी ते घ्या. आणि तरीही दुखत असेल तर फिजिओकडे जा, पट्ट्यांनी सगळं बरं होत नाही, आपलं वय पण आहे हो.

"भावाच्या मित्राने त्याचा जुना मास्क दिला, मस्त पेंट केलेला, जाळी मांजराच्या डोळ्यासारखी. कोच म्हणतो मुलाला हा चालणार नाही. टीव्हीवर तर सगळे तोच घालतात?" – एडिसन, न्यू जर्सी

कोच बरोबर आहे. त्या कॅट आय जाळीत डोळ्यांसमोरची फट मोठी असते, दिसतं छान, पण काठीचं टोक आत येऊ शकतं. मोठे लोक आपल्या जबाबदारीवर घालतात. मुलांना सर्टिफाइड जाळीच, अमेरिकेत एचईसीसीचा स्टिकर, कॅनडात सीएसएचा. स्टिकर खरवडलेला किंवा पेंटखाली झाकलेला असेल तर तो नाही असंच समजा. आणि पेंटखाली तडा दिसत नाही, म्हणून म्हटलं मास्क नवा घ्या.

बसतो का ते बघायचं सोपं आहे. हनुवटी मास्कमधल्या हनुवटीच्या कपात बसवा, मागची प्लेट लावा, पोराला जोरात "नाही नाही" अशी मान हलवायला सांगा. चेहरा वळला आणि मास्क मागून आला तर ढिला. मग पायाशी चेंडू ठेवा आणि मान न वाकवता दिसतो का विचारा. दोन गोल तिथूनच जातात, आपल्याच पायाखालून.

हल्ली मास्क गृहीत धरतो आपण, पण १९५९ च्या १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट मॉन्ट्रियालचा गोली जॅक प्लांट याच्या तोंडावर बसला, टाके घालून आला आणि म्हणाला मास्क घातल्याशिवाय परत जाणार नाही. कोच टो ब्लेकचा विरोध होता. पण तेव्हा राखीव गोली बाकावर बसवायची पद्धत नव्हती, म्हणून कोचला ऐकावं लागलं! मॉन्ट्रियाल ती मॅच ३-१ जिंकले.

गळ्याचंही विसरू नका. मास्कला खाली लटकतं ते प्लास्टिक पकसाठी, गळ्याभोवतीचा नेक गार्ड स्केटच्या पात्यासाठी, एक लावलं म्हणून दुसरं सोडायचं नाही. १९८९ मध्ये बफेलोचा गोली क्लिंट मालार्चुक याच्या गळ्याची शीर गोलसमोरच पात्याने कापली गेली होती, तो वाचला ते ट्रेनरने तिथल्या तिथे दाबून धरलं म्हणून. मी तो व्हिडिओ पाहिलेला नाही आणि बघणार पण नाही.

"चि. नातवाला गोलकीपर व्हायचे आहे. तो डावखुरा आहे. मी स्वतः कॉलेजात विकेटकीपर होतो, पण येथे दोन हातांत दोन वेगळ्याच वस्तू घालतात. कोणत्या हातात काय, हे कृपया कळवावे." – आजोबा, ब्रॅम्प्टन

आजोबा, नमस्कार, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. एका हातात झेल घ्यायचा ग्लव्ह, दुसऱ्यात ब्लॉकर, त्याच हाताने काठी धरायची. बहुतेक मुलं डाव्या हाताने झेलतात आणि उजव्यात काठी. उलटं असेल त्याला फुल राइट म्हणतात. आता नातू डावखुरा म्हणजे डाव्याने लिहितो, की डाव्याने फेकतो, की बॅट तशी धरतो? हे सगळं एकच नसतं. तुम्ही एक करा, त्याला न सांगता टेनिसचे वीस-पंचवीस बॉल अंगावर टाका, जरा जवळून, विचार करायला वेळच मिळू नये असे, आणि कोणता हात आधी पुढे येतो ते मोजा. तो ग्लव्हचा हात. फुल राइटचं सामान सेकंडहँडमध्ये कमी मिळतं, म्हणून दुकानदार "शिकेल हो डाव्याने" म्हणेल, ऐकू नका.

नवा ग्लव्ह पत्र्यासारखा कडक असतो. मुलाच्या स्वतःच्या बोटांच्या जोराने मिटला पाहिजे, तुमच्या नव्हे. रोज संध्याकाळी टीव्ही बघताना मिटायचा-उघडायचा, रात्री खिशात बॉल ठेवून पट्ट्याने बांधून झोपायचं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गरम पाणी, यूट्यूबवरचे हे सगळे उद्योग टाळा. आणि हे काम तुम्हीच घ्या अंगावर, विकेटकीपरला ग्लव्ह मळवणं माहीत असणार.

"पुण्यात मुलगी इनलाइन (चाकांच्या स्केटवरच्या) हॉकीत गोली आहे, जानेवारीत लेहला कॅम्पला जायचंय. तिचं आहे तेच किट चालेल का?" – कोथरूड

पॅड, ग्लव्ह, छातीचं प्रोटेक्टर चालेल, फक्त इनलाइनचा प्लास्टिकचा पक हलका असतो आणि बर्फावरचा रबराचा साधारण १६० ते १७० ग्रॅम, त्यामुळे छाती, दंड आणि मांडीवरचा फोम दाबून बघा, बोट हाडाला लागत असेल तर नको. पॅडच्या आतल्या कडेला घसरायला लावलेल्या पट्ट्या काढून टाका. स्केट मात्र गोलीचेच हवेत, त्यांचं पातं लांब आणि बरंच सपाट असतं, प्लेयरच्या स्केटवर गोलीला तोल सापडत नाही. ते भाड्याने किंवा उसने मिळतात का ते आत्ताच विचारून ठेवा, आयत्या वेळी तिच्या मापाचे मिळतीलच असं नाही. लेहला करझूच्या तळ्यावर उघड्यावर खेळतात, थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं, म्हणून पट्टे घरातच बांधायची प्रॅक्टिस करून जा म्हणावं, तिकडे बोटं चालत नाहीत.

आणि तिला सांगा, २०२५ मध्ये अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या आपल्या मुलींपैकी बहुतेक जणी लडाखच्याच आहेत. कॅम्पला कुणी भेटलीच तर लाजत बसू नकोस, पट्टे कसे बांधतेस ते विचार.

"वासाचं काय करू???" – सही नाही, गाव नाही

कळलं. घरी आल्या आल्या बॅग उघडायची, रात्री बाराला आलात तरी. सगळं बेसमेंटमध्ये टांगायचं आणि साधा टेबल फॅन लावायचा, ड्रायर किंवा हीटरसमोर नाही, फोम आणि लेदर दोन्हींची वाट लागते. आतले कपडे दर वेळी धुवायचे, छातीचं प्रोटेक्टर महिन्यातून एकदा टबमध्ये कोमट पाण्यात. ग्लव्हच्या आत मी वर्तमानपत्राचे बोळे घालते. माझ्या लेकीने एकदा त्यात उदबत्तीचा पुडा ठेवला होता, पुढचे तीन आठवडे आमचा गोलपोस्ट देवघरासारखा दरवळत होता आणि समोरच्या टीमची एक पोरगी येऊन विचारून गेली की हा कुठला ब्रँड.