प्रश्न बंद करण्याआधी फोटो मोठा करून बघ

भाऊ, आपल्या संत्रा बागायतदारांच्या प्रश्नोत्तर गटाची जबाबदारी आता तुझ्याकडे आली, तर घाईनं प्रश्न उडवू नको. नागपूरच्या कळमना बाजारातला भाव, पीककर्ज हे आपले विषय नाहीत. पण कारण सांग, कुठं विचारायचं तेही सांग. नुसतं ‘विषयाबाहेर’ लिहिलं की माणूस परत येत नाही, अन् मला त्याचं फार वाईट वाटतं.

काटोलकडच्या एकानं ठिबकची नळी कुठं मिळेल, असं विचारलं होतं. मी बंदच करणार होतो. मग फोटो मोठा करून पाहिला: नळी खोडाला चिकटलेली, साल ओली, बुंध्यावर डिंक ओघळलेला. खरा प्रश्न डिंक्याचा, म्हणजे ओलीनं साल सडून डिंक गळतो त्या रोगाचा होता! शीर्षक बदलून घेतलं, अन् आधी नळी खोडापासून दूर सरकवायला सांगितली.